सावलीतली बाग: पहिल्या पावसात उगवणारे रानकंद

मृद्गंध

"आमच्याकडे ऊनच येत नाही, काय लावणार?" हा प्रश्न या विभागात दर उन्हाळ्यात येतो आणि उत्तरंही ठरलेली असतात. मनी प्लँट, सिंगोनियम, स्नेक प्लँट. त्यात वाईट काही नाही. पण ज्या ठाण्याच्या पाठीला येऊरचं रान आहे, तिथल्या सोसायट्यांच्या सावलीत सह्याद्रीतलं एकही रोप नसावं, हे मला फार खटकतं. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

थंड देशांतल्या पानगळीच्या जंगलात स्नोड्रॉप, वुड अ‍ॅनिमोनी, ब्लूबेल, ट्रिलियम अशी फुलं वसंताच्या तोंडावर येतात. वरच्या झाडांना पालवी फुटेपर्यंत ऊन थेट जमिनीवर पडतं. तेवढ्या काही आठवड्यांत ती फुलतात, बी धरतात, पानांनी कमावलेलं अन्न कंदात भरतात आणि वरचं छत दाटलं की जमिनीखाली गुडूप होतात. बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये ती पाहून आपल्याकडे काहीजण कंद मागवतात. ती आपल्याकडे जगत नाहीत, पण त्यांच्यासारखंच वागणारी झाडं आपल्या रानात आहेत. तिथे दाट छताची सावली टाळायची असते, इथे कोरडा उन्हाळा. म्हणून आपल्या कंदांचा वसंत रोहिणी आणि मृगात येतो. साग बोडके असतात, वळवाची एखादी सर पडते आणि तापलेल्या जमिनीतून कोंब वर येतात. काहींचं तर आधी फूल येतं, पान मागाहून. फरक एवढाच की आपले कंद पावसाळाभर पान राखतात आणि दिवाळीच्या आसपास निजतात.

सोसायटीच्या सावलीसाठी मी यांची नावं सुचवेन.

भुईचाफा (केम्फेरिया रोटुंडा). सगळ्यात आधी हा लावा. आल्याच्या कुळातला, जुन्या परसांतून जपलेला. एप्रिल-मेमध्ये जमीन पूर्ण मोकळी दिसत असताना मातीला चीर पडते, तिच्यातून जांभळट टोक वर येतं आणि सकाळी मातीला टेकूनच फूल उमललेलं असतं. पांढऱ्या अरुंद पाकळ्या, मधे फिकट जांभळी, दुभंगलेली ओठासारखी पाकळी. वास घ्यायचा तर गुडघ्यावर बसावं लागतं. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका गड्ड्यातून एकामागून एक येत राहतात. पानं नंतर येतात, वरून रुपेरी नक्षीची आणि खालून वाइनच्या रंगाची, आणि पावसाळाभर तीसुद्धा बघण्यासारखी असतात.

रानहळद (कर्क्युमा स्यूडोमोंटाना). जुलैपासून गणपतीपर्यंत. पिवळी फुलं, वर गुलाबी-जांभळा तुरा. झाडाखालचा गाळीव प्रकाश हिला पुरतो.

पेव. सरळ दांड्याभोवती जिन्यासारखी वळत जाणारी पानं, लाल बोंडातून निघणारी चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं. माणसाएवढी उंच होते आणि पसरते, म्हणून कोपरा द्या, वाफ्याच्या मधोमध नको.

पांढरी मुसळी (क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम). ही तर आपल्या शेजारची. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1950 च्या दशकात वर्णन केलेली ही जात बोरिवलीच्या नावाने जगभर ओळखली जाते. औषधासाठी इतकी खणली गेली की रानात दुर्मिळ झाली. हिला पूर्ण सावली नको, वाफ्याच्या उजेडाकडच्या कडेला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे कंद सावलीने मरत नाहीत, उन्हाळ्यातल्या पाण्याने मरतात. सोसायटीचा पाइप बारा महिने रोज फिरतो. निजलेल्या कंदाला फेब्रुवारीत रोज पाणी मिळालं तर तो कुजतो. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करा, वाळली की बंद करा, ते थेट पहिल्या सरीपर्यंत. अख्खा वाफा कोरडा ठेवता येत नसेल तर कंद कुंडीत लावा आणि कुंडी वाफ्यात पुरा. दिवाळीनंतर उचलून छज्जाखाली आडवी ठेवता येते.

तुमचे अनुभव लिहा.

---

चिऊताई

वा! वाचनखूण साठवली. भुईचाफा आजोळी होता, विहिरीच्या वाटेवर. फोटो टाका ना.

---

नीलमोहर

मृद्गंधताई, सुंदर लिहिलंय. एक शंका. माझी मुलगी इंग्लंडला आहे, पुढच्या महिन्यात येतेय. स्नोड्रॉपचे कंद आण म्हटलं तर? फ्रीजमध्ये ठेवून थंडी देता येते असं वाचलं. पारसिक हिलच्या बाजूला राहतो आम्ही, थोडं उंचावर आहे.

---

मृद्गंध

नीलमोहर, आणू नका असंच सांगेन. पहिली गोष्ट, परदेशातून लागवडीसाठी कंद आणायचे तर आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. 2003 चा प्लँट क्वारंटाइनचा आदेश आहे तसा. बॅगेतून सहज आणायची ती वस्तू नाही. कंदाबरोबर मातीतले रोग येतात, म्हणून ते नियम आहेत.

दुसरी गोष्ट, फ्रीजमुळे एक हंगाम निभावतो. ट्युलिपचे थंड केलेले कंद लोक इथे फुलवतात, पण फूल आलं की तो कंद संपल्यात जमा. स्नोड्रॉपला फुलून झाल्यावरही थंड, ओलसर वसंत हवा असतो, पानांना अन्न साठवायला. आपल्याकडे मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, तेव्हा ते पान तग धरणार नाही. पारसिकची टेकडी त्या हिशेबात सपाटच धरा. मुलीकडून फोटो मागवा आणि तिला इथला भुईचाफा दाखवा.

---

कोपरीकर

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे जरा वेगळा मुद्दा मांडतो. ताई म्हणतात ते पटतं, पण झाडाखाली पाचोळा ठेवला की दुसऱ्या दिवशी तक्रारीचा अर्ज येतो. डास होतात, साप येतील, अस्वच्छ दिसतं. आमचा माळी रोज सकाळी झाडून सगळं उचलतो, माती अगदी उघडी पडते. या कंदांना पाचोळा लागतोच का?

---

रानवाटा

काका, लागतो. जंगलातली माती म्हणजे कुजलेला पाचोळाच की. मुसळधार पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की वरचा थर वाहून जातो, राहिलेला घट्ट बसतो आणि कोवळा कोंब त्यातून वर यायला धडपडतो. दोन-तीन इंच पाचोळा असला की तेच पाणी हळू मुरतं.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या बशा, टाकलेली डबडी, गच्चीवरचा तुंबलेला पन्हळ, आधी ते बघा. मोकळ्या पाचोळ्यात पाणी साठत नाही. साप येतात ते उंदरांमागे, आणि उंदीर येतात उघड्या कचराकुंडीमुळे. तरी वाटेपासून हातभर जागा स्वच्छ ठेवा आणि वाफ्याला चिऱ्याची कड करा. कड असली की तोच पाचोळा मुद्दाम ठेवलेला दिसतो, अर्ज थांबतात. आमच्याकडे वर्तकनगरला असंच केलंय.

आणि माळ्याला पाचोळा पेटवू देऊ नका. घनकचरा नियमांत कचरा जाळायला मनाई आहे. बागेतला कचरा वेगळा ठेवायचा हेही त्यातच आहे. वर्षावृक्षाची बारीक पानं फार लवकर कुजतात, एका पावसाळ्यात त्यांचं काळं भुसभुशीत खत होतं. ते विकत घ्यायला गेलात तर महाग पडतं.

---

कोपरीकर

चिऱ्याच्या कडेची कल्पना आवडली. मीटिंगमध्ये मांडतो.

---

ध्रुवतारा

धागा छान आहे, पण एका मुद्द्यावर वाद घालतो. मृद्गंधताई, तुम्ही झाडाखालची सावली आणि इमारतीची सावली एकच धरली आहे. सागाखाली मे महिन्यात ऊन पडतं कारण तो निष्पर्ण असतो. इमारत पानं गाळत नाही. आसोपालव, वर्षावृक्ष हेही उन्हाळ्यात भरलेलेच असतात. मग तुमच्या कंदांना ती उन्हाची खिडकी मिळणार कुठून?

उत्तरही मीच देतो, कारण ते फार सुंदर आहे. ठाणं साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे इमारतीच्या उत्तरेची पट्टी, जिथे डिसेंबरमध्ये उन्हाचा कवडसाही पडत नाही, तिथे नेमकं मे-जूनमध्ये ऊन येतं. कंद उठायची वेळ आणि ऊन यायची वेळ एकच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती पट्टी अंधारी असते, पण तेव्हा कंद निजलेलेच असतात, त्यांना काय फरक पडतो?

त्यामुळे जागा हिवाळ्यात बघून नापास करू नका. मे महिन्याच्या एखाद्या रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचला जाऊन ऊन कुठे पडतं ते खडूने आखा. दोन्ही बाजूंनी उंच टॉवर असलेली चिंचोळी गल्ली असेल तर मात्र तिथे काही होणार नाही, तिथे नेचेच लावा.

---

मृद्गंध

ध्रुवतारा, हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या उत्तरेच्या भिंतीशी भुईचाफा इतका छान का येतो, याचं कारण आज कळलं. धाग्यात वर जोडते आहे.

---

चिऊताई

उत्तरेची गॅलरी असलेल्या आम्हा सगळ्यांकडून ध्रुवतारा यांना +१.

---

शहापूरचा

मी गावाकडचा, नोकरीला ठाण्यात. या यादीत शेवळं नाहीत म्हणून लिहितोय.

शेवळं म्हणजे रानसुरणाच्या जातीचा कंद (अमॉर्फोफॅलस कम्युटाटस). तुमच्या भाषेत हेसुद्धा आधी फूल, मग पान. पहिल्या सरीला तपकिरी-गुलाबी कोंब दांड्यावर येतो. तो उमलायच्या आत खुडून आमच्या आयाबाया बाजारात आणतात, जांभळी नाक्याला जूनच्या सुरुवातीला जुड्या दिसतील. बरोबर काकडं घ्यायची, हिरवी आंबट फळं असतात, त्याशिवाय भाजी केली तर घसा खवखवतो. शेवळं साफ करताना आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा आणि हाताला तेल लावायचं. सोडे किंवा कोलंबी घालून करतात, बिनमाशांचीही होते.

बागेत शेवळाचा कंद लावला तर झाडाखाली मजेत वाढतो. पावसाळाभर छत्रीसारखं कापलेलं मोठं पान राहतं, दांड्यावर ठिपके. पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. आमच्या रानात आता श्रावणात गाड्या भरून लोक येतात आणि गौरीसाठी रानहळदीची फुलं नुसती तोडत नाहीत, गड्ड्यासकट उपटतात. घरी नेऊन कुंडीत खुपसतात. भर पावसात फुललेला गड्डा उपटला की त्याची मुळं तुटतात, आणि पुढच्या वर्षीसाठी अन्न साठायचं राहून जातं. रानातला गेला आणि तुमच्याकडचाही गेला. माझी आजी शेवळं खुडतानासुद्धा जाळीतली काही उभी ठेवायची, बी पडायला. बागेची हौस जरूर करा, पण रान खणून नको. एवढी कळकळीची विनंती आहे.

---

मृद्गंध

शहापूरचा दादा, तुमचं म्हणणं मी धाग्याच्या माथ्यावर जोडते आहे.

येऊरच्या बाबतीत तर हा प्रश्न कायद्याचाही आहे. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून साधं रोपसुद्धा उचलता येत नाही. आणि जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), म्हणजे एकपानी वगैरे, यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. त्या मातीतल्या ठरावीक बुरशीच्या आधाराने जगतात. कुंडीत आणल्या की ती साथ सुटते आणि रोप झिजत जातं. नागाच्या फण्यासारखं फूल येणाऱ्या सापकांद्याचंही मी हेच म्हणेन, तो घाटातच बघावा.

मग आणायचं कुठून? भुईचाफा आणि पेव आता बऱ्याच रोपवाटिकांत मिळतात. मुसळीची शेती होते, त्यामुळे तिचं लागवडीचं बेणं मिळतं. रानहळदीसाठी देशी झाडांची रोपवाटिका शोधा आणि कंद तिथेच वाढवलेत का, हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर घेऊ नका. सगळ्यात चांगली वाट म्हणजे ओळखीतल्या बागेतून बेणं घेणं. भुईचाफ्याचा गड्डा वाढला की वाटावाच लागतो.

---

खारघरची_सई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. सिडकोच्या बैठ्या घराच्या मागे आमचं छोटं अंगण आहे, शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली पडते. अडचण मातीची आहे. वर चार बोटं लाल माती, खाली सगळा भराव. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंट. जुलैमध्ये पाणी तुंबतं. इथे भुईचाफा होईल का? आणि घरात चार वर्षांचा मुलगा आहे, यातलं काही विषारी नाही ना?

---

रानवाटा

सई, आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जागा चालेल. रात्रभर राहिलं तर खणत बसू नका, वर चढा. चिरे किंवा विटा रचून नऊ-दहा इंच उंच वाफा करा. त्यात निम्मी लाल माती, उरलेल्यात कुजलेला पाचोळा जास्त आणि जाडी वाळू किंवा विटांचा चुरा थोडा. नुसतं कोकोपीट भरू नका, पावसात ते स्पंजसारखं ओलं राहतं. कोंबडखत तर नकोच, कंद भाजतो.

आंब्याची मुळं वरच्या थरात पसरतात, ती तोडू नका. त्यांच्यामधल्या खाचांत कंद बसवा. शेजाऱ्यांना एका शब्दाने विचारून ठेवा म्हणजे झालं.

---

मृद्गंध

सई, स्वागत. विषाचं विचारलंत ते बरं केलंत. भुईचाफा, रानहळद, पेव, मुसळी यांची मुलांच्या बाबतीत काळजी नाही. शेवळाचा कंद, पान, काहीही कच्चं तोंडात गेलं तर घसा आणि जीभ भयंकर खवखवते, त्यामुळे मूल लहान असेपर्यंत तो टाळा. आणि कळलावी कुणी कितीही आग्रह केला तरी आत्ता लावू नका. फूल देखणं आहे, गौरीला लागतं, सगळं खरं, पण तिच्या सगळ्या भागांत, कंदात तर विशेष, कोल्चिसिन असतं. ते प्राणघातक ठरू शकतं. शिवाय तिला ऊन हवं, सावलीच्या वाफ्यात ती रमत नाही.

लावायची खोली: भुईचाफा आणि रानहळद दोन-तीन इंच, मुसळीचा माथा जेमतेम झाकेल इतकाच. लावलं की तिथे काठी रोवा किंवा ओळखीचा दगड ठेवा. निजलेला कंद वरून दिसत नाही, आणि सफाईच्या दिवशी खुरपं पहिलं तिथेच चालतं.

---

कोपरीकर

गोगलगायींचं कुणी बोललं नाही. त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी आमच्याकडे पहिल्या पावसात भिंतीवर दिसतात. कोवळा कोंब रात्रीत साफ.

---

रानवाटा

काका, अगदी बरोबर, आपल्याकडे कंदांचा खरा शत्रू तीच. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन फिरा, हातमोजे घालून वेचा, मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मातीत मीठ कधीही टाकू नका, झाडंच मरतील. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असतात. दिवसा त्या ओलसर गोणपाटाखाली, पालथ्या कुंड्यांखाली लपतात, म्हणून मुद्दाम एक ओलं गोणपाट वाफ्याजवळ टाकायचं आणि सकाळी उचलून बघायचं. दुकानात मिळणाऱ्या विषारी गोळ्या सोसायटीत नकोतच, कुत्री-मांजरं खातात.

कोंब चार पानांचा झाला की ती फारसं नुकसान करू शकत नाही. पहिले दोन आठवडे राखण केली की झालं.

---

नीलमोहर

मुलीला तुमचं उत्तर पाठवलं. ती म्हणाली, तिच्याकडच्या बागेत स्नोड्रॉप सफरचंदाच्या झाडाखाली आपोआप पसरलेत. आमच्याकडे भुईचाफ्याचा गड्डा शेजारच्या काकूंकडे निघाला, अनेक वर्षं एकाच कुंडीत दाटलेला. त्या द्यायला तयार आहेत. आता मे संपत आलाय, अजून कोंब दिसत नाही. आत्ता वेगळा केला तर चालेल का? कसा करायचा?

---

मृद्गंध

आत्ताच करा, कोंब वर यायच्या आत. कुंडी आडवी करून अख्खा गोळा बाहेर काढा, ओढू नका. कोरडी माती हाताने झाडली की गाठीसारखे कंद आणि त्यांना लोंबणारी फुगीर मुळं दिसतील. ती मुळं म्हणजे त्याचा साठा, ती शक्य तितकी शाबूत ठेवा. प्रत्येक तुकड्याला निदान एक ठसठशीत डोळा आणि काही फुगीर मुळं हवीत. धारदार सुरीने कापा, कापलेल्या जागी चुलीची किंवा गोवरीची राख लावा आणि दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या. मऊ पडलेला, वास येणारा भाग असेल तर तो टाकून द्या.

मग डोळा वर ठेवून लावा आणि पाणी घालू नका. मुंबई-ठाण्यात मान्सून साधारण 11 जूनच्या सुमारास येतो, तोवर मातीतला ओलावा पुरतो. पाऊस फारच लांबला, जून अर्धा उलटला, तर एकदा चूळभर द्या, रोज नाही. वेगळा केलेला तुकडा यंदा कदाचित फूल न देता नुसती पानं देईल. ती पानं पिवळी होईपर्यंत कापू नका, पुढच्या मेमधलं फूल त्याच पानांवर अवलंबून आहे. आणि काकूंच्या कुंडीतही एक तुकडा नव्या मातीत परत लावून द्या.